पडद्यावरचा पाऊस

(नभोवाणीवरील भाषण)

हवामानशास्त्रावर बोलण्याचा मला कांहीं अधिकार नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. मी १९७४ सालीं जुन्या अकरावीची मॅट्रिक झालों, पुढें अध्यापनाची पदविका घेतली, आणि सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागांत एका प्राथमिक शाळेवर मास्तरकी करून २०१५ सालीं निवृत्त झालों. तेव्हां आज मी जें सांगणार आहें तें शास्त्र नव्हे. माझ्या नातीनें तिच्या वर्गासाठीं पावसावर एक सचित्र व्याख्यान तयार केलें. तें तयार होत असतां मी शेजारीं खुर्ची टाकून बसलों होतों. त्या बसण्यांतून मजवर एक प्रसंग ओढवला, तो नभोवाणीच्या चालकांना सांगण्याजोगा वाटला, इतकेंच.

माझी थोरली मुलगी पुण्यास राहते. तिची मुलगी येथील एका महाविद्यालयांत विज्ञानशाखेच्या दुसऱ्या वर्षांत शिकते. या सहामाहीस तिला हवामानशास्त्र हा विषय आहे. पुण्याचा आणि या शास्त्राचा संबंध जुना. १८७५ सालीं स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली व १९४४ सालीं दिल्लीस गेली. मुख्य कचेरी जाऊन ऐंशी वर्षें होऊन गेलीं, तरी शिवाजीनगरच्या त्या चौकाचा पत्ता सांगतांना पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ असेंच म्हणतो. असो.

नातीच्या प्राध्यापिकाबाईंनीं वर्गाला असें काम दिलें होतें कीं, प्रत्येकानें हवामानांतील प्रत्यक्ष घडलेली एक घटना घ्यावी, संगणकावर स्लाइड्स तयार कराव्या, आणि त्या पडद्यावर दाखवून दहा मिनिटांत ती घटना वर्गास समजावून द्यावी. मागून पांच मिनिटें वर्गानें प्रश्न विचारावे. नातीनें २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस निवडला. तो पाऊस पडला तेव्हां तिचा जन्महि झाला नव्हता. परंतु तिची आई त्या वेळीं अंधेरीस नोकरीला होती. ती सायंकाळीं निघाली आणि कमरेएवढ्या पाण्यांतून चालत, वाटेंत एका अनोळखी कुटुंबाच्या घरीं रात्र काढून, दुसऱ्या दिवशीं दुपारीं मुलुंडला पोहोंचली. ही कथा आमच्या घरांत दर जुलैंत एकदां तरी निघतेच.

मी दिवाळीच्या आधीं महिनाभर मुलीकडे आलों होतों. नातीच्या सांगण्यावरून येतांना माझ्या ट्रंकेंतून शाळेच्या पर्जन्याच्या वह्याहि आणल्या होत्या. त्या वह्यांविषयीं पुढें बोलावयाचेंच आहे.

पहिला मसुदा तयार झाला तेव्हां नातीनें मला हांक मारली. “आजोबा, बघा.” मीं पाहिलें. एकंदर बावीस स्लाइड्स होत्या. पहिलीवर काळेंभोर आकाश, त्यांत वीज, आणि तिच्या विषयाच्या नांवांतील एकेक अक्षर वरून टपटप पडून जागेवर बसत होतें. दुसरीवर मोसमी पावसाची व्याख्या होती, ती पुस्तकांतून जशीच्या तशी उतरलेली, चौदा ओळींची. सातवीवर हवेच्या दाबाचे चार नकाशे एकत्र दाटीनें मांडले होते. त्यांतील समभार रेषा माझ्या चष्म्यालाच काय, तिच्या कोवळ्या डोळ्यांनाहि दिसत नव्हत्या. तेरापासून सोळापर्यंत पाण्यांत बुडालेल्या मोटारी व आगगाड्या यांचीं छायाचित्रें. शेवटीं ‘धन्यवाद’, आणि त्याभोंवतीं गुलाबाचीं फुलें.

“छान आहे,” मीं म्हटलें. “पण पाऊस किती पडला, तें यांत कोठें आहे?”

ती शोधूं लागली. अकराव्या स्लाइडवर तिसऱ्या परिच्छेदांत, बारीक अक्षरांत, तो आकडा सांपडला.

फळ्यावर शिकविणाऱ्या माणसाला एक गोष्ट अनुभवानें कळते. मास्तर बोलत बोलत लिहितो, आणि मुलांचे डोळे खडूच्या मागें चालतात. जें उच्चारलें जातें तेंच त्या क्षणीं लिहिलें जातें, म्हणून कान आणि डोळे एकाच जागीं असतात. पडद्यावर तसें होत नाहीं. तेथें सर्व मजकूर एकदम उभा राहतो, ऐकणारा तो आपल्या गतीनें वाचून मोकळा होतो, आणि बोलणारा बिचारा मागें एकटाच बोलत राहतो. म्हणून मीं तिला एवढेंच सुचविलें कीं आधीं संगणक बंद कर; एका कागदावर, आम्ही पाठाचें टांचण काढीत असूं तसें, दहा मिनिटांत वर्गाला कोणत्या गोष्टी कळल्या पाहिजेत तें लिही; आणि मग प्रत्येक गोष्टीस एक स्लाइड दे. ती थोडी रुसली. “तुमच्या काळीं हें नव्हतें, आजोबा,” असेंहि म्हणाली. आमच्या लहानपणीं आरोग्यखात्याची गाडी गांवांत येई आणि देवळाच्या भिंतीवर पांढरें कापड बांधून माशा व डांस यांचीं चित्रें दाखवी, तें मला आठवलें. पण मीं तें बोलून दाखविलें नाहीं. रात्रीं तिनें टांचण काढलें. त्यांत आठच गोष्टी निघाल्या.

पहिल्या स्लाइडवर आतां दोन आकडे राहिले. सांताक्रूझ : ९४४.२ मिलीमीटर. कुलाबा : ७३.४ मिलीमीटर. एकच शहर, एकच चोवीस तास, आणि दोन वेधशाळांमधील अंतर सुमारें पंचवीस किलोमीटर. एके ठिकाणीं दुसऱ्यापेक्षां जवळजवळ तेरापट पाऊस. याहून अधिक विजा चमकविण्याची जरूर काय आहे?

परंतु आकडा लिहिला म्हणजे समजला असें होत नाहीं. दुसरी स्लाइड मोजमापाची केली. पाऊस मिलीमीटरमध्यें मोजतात याचा अर्थ, पडलेलें पाणी वाहून न जातां, न मुरतां, न सुकतां सपाट जागेवर उभें राहिलें असतें तर त्याची खोली किती झाली असती. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आमच्या नातीनें लगेच हिशेब केला : शंभर चौरस मीटरांच्या गच्चीवर त्या दिवशीं ९४,४२० लिटर पाणी पडलें. उन्हाळ्यांत सोसायटींत दहा हजार लिटरांचे टँकर येतात, तसे नऊ टँकर भरून वर कांहीं उरेल एवढें. एका चौरस किलोमीटरावर तें चौऱ्याण्णव कोटी लिटरांच्या वर जातें. हा हिशेब वर्गांतल्या प्रत्येकाला कळेल, कारण टँकर सर्वांनीं पाहिला आहे.

तारखेचा एक घोटाळाहि येथेंच निस्तरला. लोक त्या पावसाला सव्वीस जुलै म्हणतात, आणि हवामान खात्याच्या दप्तरांत तो सत्तावीस तारखेस नोंदलेला असतो. नातीला वाटलें, दोहोंपैकीं एक चूक आहे. दोन्ही बरोबर आहेत. आपल्याकडे पर्जन्यमापक रोज सकाळीं साडेआठ वाजतां वाचतात, आणि मागील चोवीस तासांचा पाऊस वाचण्याच्या दिवसाच्या नांवावर लिहितात. सव्वीसच्या दुपारीं पडलेला पाऊस सत्तावीसच्या सकाळीं वहींत चढला. हें मीं तिला सांगितलें तेव्हां तिच्या चेहऱ्यावर आजोबांविषयीं किंचित् आदर दिसला, आणि मी मनांतून फुगलों, हें कबूल करतों.

तिसऱ्या स्लाइडवर तिनें दोन स्तंभ काढले होते, एक कुलाब्याचा व एक सांताक्रूझचा. सांताक्रूझचा स्तंभ उंच जाऊं लागला म्हणून तिनें तो मध्यें नागमोडी रेघेनें तोडून आंखूड केला होता. तशी पद्धत आहे म्हणे. मीं हरकत घेतली. फरक तेरापटीचा आहे हें सांगण्यासाठीं चित्र काढावयाचें आणि तोच फरक चित्रांत कापून टाकावयाचा, हें कोठलें शहाणपण? स्तंभ अखंड ठेवला. कुलाब्याचा स्तंभ तळाशीं बोटभर उरला. तो तसाच दिसावयास हवा होता. तिच्या मजकुरांत ‘भारतांतील आजवरचा सर्वांत मोठा एका दिवसाचा पाऊस’ असेंहि एक वाक्य होतें. त्या वेळीं वर्तमानपत्रांतून तसें पुष्कळ छापून आलें होतें. परंतु चेरापुंजीस १४ जून १८७६ रोजीं १०३६ मिलीमीटर पाऊस झाल्याची नोंद आहे, आणि लक्षद्वीपांतील अमिनी बेटावर तर आदल्याच वर्षीं, ६ मे २००४ रोजीं, ११६८ मिलीमीटर पडला होता. वाक्य काढलें. पाऊस त्यानें लहान झाला नाहीं.

कारणांची स्लाइड तिनें आपल्या बुद्धीनें केली आणि ती चांगली केली. चार नकाशे टाकून एकच हातानें काढला : कोंकणचा किनारा, मध्यभारताकडे सरकलेलें कमी दाबाचें क्षेत्र, किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा, आणि समुद्रावरून येणारे बाष्पानें भरलेले जोरदार पश्चिमवारे. ही सर्व मोठ्या पावसाची सिद्धता झाली. पण अशा सिद्धतेनें पाऊस सबंध किनाऱ्यावर वांटून पडतो. त्यांतच उत्तर मुंबईवर गडगडाटी मेघ वाढले आणि तेथेंच राहिले. दुपारीं अडीच ते साडेतीन या एका तासांत सांताक्रूझला १९० मिलीमीटर पाऊस झाला. तासांत शंभर मिलीमीटर पडला म्हणजे हवामान खातें त्यास ढगफुटी म्हणतें. नातीनें तेथें एक ओळ लिहिली कीं ढग पखालीसारखा फुटत नाहीं. वर चढणारा वारा पाण्याचे थेंब तोलून धरतो आणि तो ओसरला कीं सगळें खालीं येतें. मला ती ओळ आवडली. अशा लहानशा मेघसमूहावर घटकाघटकेस नजर ठेवणारें डॉप्लर रडार त्या वेळीं मुंबईंत नव्हतें. तें मागाहून आलें. मिठी नदी, चारच्या सुमाराची समुद्राची भरती, तुंबलेले नाले, यांवरच्या पांच स्लाइड्स तिनें स्वतःच काढून एका वाक्यांत आणल्या. पाऊस आणि पूर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि वर्ग हवामानाचा आहे, नगरपालिकेचा नव्हे, असें तिचें म्हणणें.

आतां भांडणाची स्लाइड. संगणकानें मुंबईचा एक रंगीत नकाशा काढून दिला होता : दक्षिणेस फिका निळा, वर जातां जातां हिरवा, पिवळा, आणि उत्तरेस लालभडक. दिसावयास फारच देखणा. मीं विचारलें, “इतक्या सर्व ठिकाणीं पर्जन्यमापकें होतीं काय?” ती म्हणाली, “नाहीं, थोडींच होतीं. मधली जागा संगणक हिशेबानें भरतो. त्याला अंतर्वेशन म्हणतात.” माझें मास्तरी रक्त तापलें. जेथें कोणी भांडें ठेवलें नाहीं, कोणी वाकून पाहिलें नाहीं, तेथला पाऊस हा यंत्र सांगणार, आणि मोजलेल्या पावसाच्याच रंगांत सांगणार! पाहणाऱ्यानें खरा कोणता व भरलेला कोणता, हें कसें ओळखावें? मीं बराच वेळ बोललों. न पाहतां लिहिलेला आकडा हा आकडा नव्हेच, असेंहि एक वाक्य माझ्या तोंडून गेलें. नातीनें शांतपणें ऐकून घेतलें, आणि जेथें जेथें खरोखर मापक होतें तेथें तेथें नकाशावर एकेक ठसठशीत काळा ठिपका दिला. खालीं लिहिलें : ठिपके मोजलेले, रंग हिशेबाचे. वाद मिटला.

“आतां तुमची वही,” ती म्हणाली.

या वहीची हकीकत अशी. १९८८ सालीं तालुक्याच्या गांवीं मोडीत निघालेलें एक पर्जन्यमापक मीं मिळविलें. पांच इंच व्यासाचें पितळी तोंड, त्याखालीं नरसाळें, आंत बाटली, बाहेर पत्र्याचें भांडें, आणि निराळी मापाची कांच. शाळेच्या अंगणांत झाडांपासून दूर तें पुरलें. रोज सकाळीं साडेआठला एक विद्यार्थी पाणी मोजी, मी पाहीं, आणि तो वहींत आकडा लिहून शेवटच्या रकान्यांत आपली सही करी. मुलांना त्या सहीचें मोठें अप्रूप असे. सुटीच्या दिवशीं शाळेजवळ राहणारा मुलगा हें काम करी. एकदां कांच फुटली आणि दुसऱ्या आकाराच्या मापकाची कांच कोणी आणून दिली; ती वापरली असती तर सर्व आकडे चुकले असते, म्हणून नवी येईपर्यंत आम्ही बाटल्या झांकून, चिठ्ठ्या लावून ठेवल्या व मागून मोजल्या. इतका मी काटेकोर होतों.

नातीचा बेत असा होता : मुंबईंत त्या दिवशीं जें झालें तें दोन पदरी होतें. एक, सबंध कोंकण व घाट यांवर पसरलेला मोठा पाऊस, ज्यानें पुढें सांगलीस कृष्णा चढली. आणि दुसरा, उत्तर मुंबईवरचा तो एक तडाखा. पहिला पदर दाखविण्यासाठीं घाटाखालच्या आमच्या शाळेचे चार दिवसांचे आकडे तिला हवे होते. वही उघडून तिनें वाचून दाखविले आणि संगणकांत घातले. २५ जुलै : ११८. २६ जुलै : १६४.२. २७ जुलै : २३१.४. २८ जुलै : १४२.६. चार निळे स्तंभ उभे राहिले. ते फारच शोभिवंत दिसत होते. “आजोबा, ही माझी सर्वांत चांगली स्लाइड,” ती म्हणाली.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

श्रोतेहो, सव्वीस, सत्तावीस आणि अठ्ठावीस जुलैचे ते आकडे मीं मोजलेले नव्हते. पंचवीसला सोमवारीं मुलानें मोजलें तें खरें. दुपारीं ओढा चढला. शाळा ओढ्याच्या पलीकडे, माझें घर अलीकडे. मंगळवारीं कोणी जाऊं शकलें नाहीं. जवळ राहणाऱ्या मुलाचें घर गळूं लागलें म्हणून तीं माणसें वरच्या वाडींत गेलीं होतीं. बुधवारींहि तेंच. गुरुवारीं सकाळीं मी दोर धरून पलीकडे गेलों. बाटली भरून, बाहेरचें भांडें भरून, पाणी कांठावरून वाहून गेलेलें. आंत होतें तेवढें मोजलें. सांडलें तें किती, हें कोणालाच ठाऊक नव्हतें. सतरा वर्षांच्या वहींत एकहि जागा रिकामी नव्हती. मी कोरडा पंचा घेऊन कचेरींत बसलों आणि गडगडाट किती झाला, ओढा कोठवर आला, याच्या अजमासानें तीन आकडे लिहिले. अक्षर नेहमींसारखें सुरेख. वर दशांशचिन्हसुद्धां दिलें. सोमवारचा खरा आकडा पूर्णांकांत आहे, आणि माझे तिन्ही खोटे आकडे मात्र दशांशांत!

बरें, तें वहींतच राहिलें असतें तर गोष्ट निराळी. पुढल्या वर्षीं शाळेची भिंत रंगविली तेव्हां तीवर तेलरंगांत लिहविलें : ‘आमच्या गांवचा एका दिवसाचा सर्वांत मोठा पाऊस २३१.४ मिलीमीटर, २७ जुलै २००५.’ वीस वर्षें मुलांनीं तो पाठ केला. त्याच सुमारास ओढ्यावर मोरी बांधण्याचें निघालें, आणि एका कचेरींतील तरुण अभियंते येऊन इतर आकड्यांबरोबर माझेहि आकडे उतरून घेऊन गेले. मी त्यांना चहा दिला. दुसरें कांहीं सांगितलें नाहीं.

सकाळीं चहाच्या वेळीं मीं नातीला हें सर्व सांगितलें. मुलगीहि तेथेंच होती. ती उठून आंत गेली. नात कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग हे आकडे आले कोठून?”

“माझ्या मनांतून.”

“आणि पंचवीसचा?”

“तो मोजलेला.”

“आणि बाकीचे? सगळ्या वह्यांतले?”

हा प्रश्न तिनें रागानें विचारला नव्हता. म्हणूनच तो मला लागला. तीन आकड्यांचें पाप तीनच आकड्यांपुरतें असतें, अशी माझी समजूत होती. आतां हजारों सकाळीं थंडींतपावसांत वाकून मोजणारीं तीं पोरें, त्यांच्या सह्या, सगळें माझ्या तीन ओळींनीं संशयांत उभें केलें होतें. मीं शपथ घ्यावयास तोंड उघडलें. ती म्हणाली, “माझा विश्वास आहे हो, आजोबा. पण वर्गाला मी काय सांगूं?”

सह्या म्हटल्यावर माझ्या डोक्यांत प्रकाश पडला. वही पुन्हा उघडली. त्या तिन्ही ओळींत शेवटचा रकाना रिकामा होता. आकडे लिहिण्याचें धैर्य मला झालें होतें, पण मुलाच्या नांवची खोटी सही करण्याचें झालें नव्हतें. मग आम्ही दोघे दोन दिवस सगळ्या वह्या पानोपान तपासीत बसलों. सही नसलेल्या आणखी सात ओळी निघाल्या. पांच ठिकाणीं मुलें आजारी किंवा यात्रेला गेलेलीं असल्यामुळें मीं स्वतः मोजलें होतें, तसा शेजारीं शेराहि होता. दोहोंविषयीं मला कांहींच आठवेना. नातीनें त्या दोहोंपुढेंहि पेन्सिलीनें खूण केली. मी तिचे तीन आकडे खोडावयास रबर शोधूं लागलों, तर तिनें माझा हात धरला. “खोडूं नका. वरून एक रेघ मारा, आकडा वाचतां आला पाहिजे. बाजूला काय झालें तें लिहा आणि आजची तारीख घाला.” शास्त्रांत नोंद सुधारण्याची रीत तीच आहे म्हणे. मीं तांबड्या शाईनें तसें केलें. हात थोडा कांपला, अक्षर सुरेख आलें नाहीं.

तिच्या स्लाइडवर मग एकच निळा स्तंभ राहिला, पंचवीस जुलैचा. पुढील तीन दिवसांच्या जागीं तुटक रेघांच्या तीन रिकाम्या चौकटी, आणि खालीं : ‘मापक भरून वाहिलें. मोजमाप नाहीं.’ पसरलेला पाऊस दाखविण्यासाठीं तिनें हवामान खात्याच्या जवळच्या केंद्रांचे आकडे निराळ्या स्लाइडवर घेतले.

व्याख्यानाच्या दिवशीं मी अर्थात् तेथें नव्हतों. तिनें सायंकाळीं येऊन सांगितलें तें असें. दहा मिनिटांत आठ स्लाइड्स पुऱ्या झाल्या. प्रश्नांच्या वेळीं प्राध्यापिकाबाईंनीं त्या रिकाम्या चौकटींची स्लाइड परत लावावयास सांगितली. मागच्या बांकावरच्या एका मुलानें विचारलें, निदान अंदाजे तरी किती पडला असेल? नात म्हणाली, “भांड्यांत मावेल त्याहून अधिक. त्यापुढें सांगतां येत नाहीं.” आकडा पूर्वीं लिहिलेला होता आणि तो कोणी लिहिला होता, हेंहि तिनें सांगितलें काय, असें मीं विचारलें. “सांगितलें,” ती म्हणाली. “नांव नाहीं घेतलें. वेधकर्ता असें म्हटलें.” पांच मिनिटांपैकीं तीन मिनिटें मग त्यावरच गेलीं, आणि अंतर्वेशनाच्या नकाशावर तिला कोणीं कांहीं विचारलेंच नाहीं, याचें तिला वाईट वाटलें. मुलीनें त्या दिवशीं माझ्या आवडीची वाटली डाळ केली होती. ती माझ्याशीं पूर्ववत् बोलूं लागली आहे.

अभियंत्यांच्या त्या कचेरीला मीं एक पत्र लिहून पाठविलें आहे. मोरी उभी आहे. उत्तर अजून आलेलें नाहीं.

शाळेंत आतां एक तरुण मुख्याध्यापिका आहेत. त्यांना दूरध्वनि केला आणि भिंतीवरची ती ओळ पुसून टाकावयास सांगितली. कारणहि सांगितलें. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “पुसतें, गुरुजी. पण मुलें रोज पाहतात तेथें. मग त्या जागीं कोणता आकडा रंगवूं?”

मीं वही घेतली आणि सही असलेल्या ओळींतून सर्वांत मोठा शोधला. १९९४ सालचा निघाला, १८७ मिलीमीटर, मुलाची सही अगदीं वाकडीतिकडी. तो मुलगा आतां गांवांत ट्रॅक्टर चालवितो. आकडा बाईंना सांगितला, आणि सहीवरचें नांवहि सांगितलें. दिवाळीच्या सुटींत रंगारी येणार आहे.